संगीताच्या धंद्याचे शिक्षण : कोठे घ्यावे, कसे परवडावे

बारावीची परीक्षा संपली की मोंढ्यातील आमच्या युनियनच्या कचेरीत हमालीच्या दराच्या तक्रारींबरोबर कॉलेजच्या फीचे कागदही येऊ लागतात. गेल्या महिन्यात आमच्यातला एक जुना हमाल असाच एक गुळगुळीत रंगीत कागद घेऊन आला. त्याचा मुलगा बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. लग्नसराईत, गणपतीत आणि भीमजयंतीला त्याला जेवायला फुरसत नसते. मुंबईच्या एका खासगी संस्थेत ‘संगीत-व्यवसाय व ध्वनिमुद्रण’ असा एक वर्षाचा अभ्यासक्रम. फी सहा लाख, पन्नास हजार इसार, आणि रक्कम उभी करण्यासाठी एक फायनान्सवाला कर्ज द्यायला तयार. “भाऊ, जामीन म्हणून तुमची एक सही पायजे,” तो म्हणाला. “पोरगं म्हणतंय, नुसतं वाजवून भागत नाही, धंदा शिकला पायजे.”

मी आठ दिवस मागून घेतले. मला स्वतःला ‘सा’ लावता येत नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगार कायद्याच्या जुन्या पुस्तकांतून आणि सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर झाले. परंतु मजुरी, करार आणि कर्ज यांतच माझी तीस वर्षे गेली आहेत, आणि त्या आठ दिवसांत चौकशी करता करता असे ध्यानात आले की संगीताचा धंदा म्हणजे शेवटी हीच भानगड आहे. म्हणून संगीतावर बोलण्याचे धाष्टर्य करतो. श्रोत्यांपैकी जे गाणारे असतील त्यांनी पोटात घालावे.

मुलाचे म्हणणे खोटे नव्हे. एक गाणे घ्या. शब्द लिहिणारा एक, चाल बांधणारा दुसरा, गाणारा तिसरा, साथ करणारे चार, ध्वनिमुद्रण करून विकणारी कंपनी निराळी. पुढे ते गाणे रेडिओवर, हॉटेलात, मोबाईलवर वाजते. प्रत्येक वेळी पैसा कोणाकडून कोणाकडे किती जायचा ते कुठल्या तरी कागदावर आधीच ठरलेले असते. तो कागद वाचता येणे, कार्यक्रमाच्या तारखा आणि खर्च बांधणे, हिशेब ठेवणे, हक्कांची वसुली करणे, एवढे मिळून हे शिक्षण होते. अमेरिकेत बोस्टनच्या बर्कली महाविद्यालयात हा पदवीचा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे तो मुख्यतः मोठ्या शहरांतील खासगी संस्थांच्या पदविकांतून शिकवतात, आणि तेथील फी लाखांत मोजावी लागते.

आपल्या भागात वाजवणाऱ्याला मजुरी अशी कधी नव्हतीच. गोंधळ्याला बिदागी, हलगीवाल्याला धान्य. हलगी वाजवणे हे जातीकडे आलेले काम, तेव्हा दराची घासाघीस करण्याचा प्रश्नच नव्हता. फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या ऊरुसात कव्वाल गातात, त्यांच्यापुढे नोटा पडतात, त्या मोजायला श्रोते थांबत नाहीत. आज सुपारी आणि इसार हे शब्द आले आहेत, तरी पार्टीचा मालक वाद्यांचे भाडे आधी काढून घेतो आणि उरलेले वाटतो. मालक किती काढतो हे पोरांना ठाऊक नसते.

या जुन्या व्यवस्थेतून संगीत बाहेर काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच एका मराठी माणसाने केला. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर वर्गणीवर, तिकिटाच्या मैफलींवर आणि फीवर चालणारी ती शाळा होती. गरीब मुलांना ते घरात ठेवून घेत, जेवू घालीत, आणि त्याबदली काही वर्षे राहण्याचा करार लिहून घेत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही मंडळी त्यांच्याच हाताखालून गेली. १९०८ साली विद्यालयाची शाखा मुंबईस आली, पुढे कर्ज काढून मोठी इमारत बांधली. कर्ज फिटेना, सावकारांनी इमारत लिलावात काढली. १९३१ साली पंडितजी निवर्तले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्या मंडळाच्या परीक्षा आज तालुक्याच्या गावीही होतात.

ज्या माणसाने गवयाला समाजात खुर्ची मिळवून दिली, त्याचीच वास्तू व्याजापायी गेली. आमच्या हमालाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मंग आमचं काय घेऊन बसलात?” त्याच्या त्या बोलण्यात मला निराशा दिसली नाही, हिशेब दिसला.

आता त्या मुलाची गोष्ट. त्याने दोन वर्षांपूर्वी एका भीमगीताला चाल लावली. गावातल्या एका ध्वनिमुद्रणवाल्याने त्याच्या हातावर दोन हजार ठेवले आणि गाणे यूट्यूबवर चढवले. ते लाखो लोकांनी ऐकले. मुलगा म्हणतो, “मी विकलं ते विकलं.” मी विचारले, कागद केला होता काय? कागद नाही.

येथे कायदा काय म्हणतो ते ऐकण्यासारखे आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच दिला पाहिजे. लेखात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरता, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरावा. घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही, तर करारात निराळे काही नसल्यास तो परत फिरतो. तेव्हा चाल मुलाची स्वतःची असेल, जुन्या चित्रपटातून उचललेली नसेल (अशी उचल पुष्कळ होते हे आपण जाणतोच), तर त्याने दोन हजारांत ती विकलेलीच नाही. आमच्या वकिलांनीही मान डोलावली. ही गोष्ट त्याला सहा लाखांच्या वर्गात कळली असती. ती एका जुन्या पुस्तकात दोन पानांवर आहे.

हे हक्क कायद्यात सहजी आले नाहीत. १९६० नंतरच्या काळात लता मंगेशकरांनी गायकांना विक्रीतला वाटा मिळावा म्हणून हट्ट धरला आणि त्यावरून महंमद रफींशी त्यांचे काही वर्षे बिनसले. रफींचे म्हणणे, गाण्याचे पैसे घेतले, संबंध संपला. रफी भला माणूस, पण कामगार चळवळीतल्या माणसाला लताबाईंचीच बाजू पटणार. १९६९ साली गीतकार-संगीतकारांची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी निघाली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटासाठी पैसे देऊन करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता होय. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपले टिपण जोडले आणि गायकाला या कायद्यात काहीच स्थान नाही याकडे संसदेचे लक्ष वेधले. वादक-गायकांना कलाकार म्हणून हक्क मिळायला १९९४ साल उजाडले. २०१२ साली, जावेद अख्तर राज्यसभेत असताना, दुरुस्ती झाली : गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील बरोबरीचा वाटा, चित्रपटगृहातील खेळ सोडून इतर वापरांसाठी, कोणालाही लिहून घेता येत नाही. तो जाईल तर वारसाकडे किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेकडे. एखाद्या कंपनीने सही घेतली तरी ती सही त्यापुरती निरुपयोगी.

परदेशातील एक उदाहरण मला फार आवडते. १९४२ साली अमेरिकेतील वादकांच्या युनियनने, तबकड्यांमुळे आमचे प्रत्यक्ष वाजवण्याचे काम जाते असे म्हणून, ध्वनिमुद्रणावर संप पुकारला. दोन वर्षांवर चालला. शेवटच्या मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरात वाकल्या. विकलेल्या तबकडीमागे ठरावीक रक्कम युनियनच्या निधीत जाऊ लागली, आणि त्या निधीतून वादकांना मजुरी देऊन लोकांसाठी फुकट मैफली झाल्या. संगीत-व्यवसायाच्या रंगीत माहितीपत्रकात हा धडा मला दिसला नाही.

आता कॉलेजांकडे वळू. नुसते गाणे-वाजवणे पक्के करायचे तर गांधर्व मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. घरी राहून, काम सांभाळून देता येतात. मात्र विशारद ही विद्यापीठाची पदवी नव्हे. नोकरीच्या जाहिरातीत काय मागितले आहे ते वाचूनच तिच्यावर भरवसा ठेवावा. पदवी हवी असल्यास मराठवाड्यातील काही महाविद्यालयांत बी.ए.ला संगीत घेता येते, आणि पुढे नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे. परभणीहून नांदेडला आगगाडीने सकाळी जाऊन रात्री परत येता येते. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, तेथे गुरुकुलाच्या वळणाने शिकवतात. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ चा, अशोक रानडे यांच्यासारख्या विद्वानाच्या हाताने उभा राहिलेला. ध्वनिमुद्रणाकडे कल असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पदवीनंतर त्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशपरीक्षा देशभराची, जागा थोड्या. वाटेल त्या संस्थेच्या ‘डिग्री’ शब्दाला मात्र भुलू नये. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचे २२ वे कलम सांगते की पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थेलाच आहे.

आणि धंद्याचे शिक्षण? माझे मत विचाराल तर परभणीत राहून बी.कॉम. करावे, जमल्यास पुढे कायदा, आणि संध्याकाळी वाजवणे सोडू नये. आपल्या परभणीचे बी. रघुनाथ बांधकाम खात्यात कारकुनी करीत कविता-कादंबऱ्या लिहीत राहिले. त्या नोकरीने त्यांना काय दिले आणि त्यांचे काय घेतले हा वाद निराळा. पण ताळेबंद आणि करारनामा वाचता येणारा कीबोर्डवाला बँजो पार्टीचा मालकसुद्धा फसवू शकत नाही.

राहिली पैशाची गोष्ट. फायनान्सवाल्याचा दर मी वरचढ न धरता वर्षाला १० टक्केच धरला. सहा लाख कर्ज, एक वर्ष शिक्षणाचे, एक वर्ष सवलतीचे. त्या दोन वर्षांचे सरळव्याज १ लाख २० हजार मुद्दलात मिळाले, म्हणजे ७ लाख २० हजार. ते सात वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे १२ हजार, एकूण दहा लाखांच्या थोडे वर. मुलगा मुंबईत नवखा ध्वनिमुद्रण-मदतनीस झाला तर खोलीभाडे देऊन बारा हजार उरतील काय, हा प्रश्न बापाने मला नव्हे, त्या संस्थेला विचारावयाचा.

जामीन लागू नये अशाही वाटा आहेत. सरकारी हमी योजनेखाली बँका साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देऊ शकतात. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण नाही आणि जामीनही नाही. वर्षाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घराला, काही अटींवर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. परंतु मेख येथेच आहे : संस्था मान्यताप्राप्त हवी. ज्या संस्थेला बँक कर्ज देत नाही आणि फायनान्सवाला मात्र धावत येतो, तिची परीक्षा बँकेने आपल्यासाठी फुकट करून दिली असे समजावे. मान्य महाविद्यालयात शिकणाऱ्यांना महाडीबीटीवरील शिष्यवृत्त्या आहेत. शास्त्रीय किंवा लोकसंगीत निदान पाच वर्षे शिकलेल्या १८ ते २५ वयाच्या तरुणांना केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची दरमहा ५ हजारांची, दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. आपल्याकडच्या गोंधळी-शाहिरांच्या किती पोरांनी तिचा अर्ज पाहिला आहे?

आठवा दिवस संपला तेव्हा मी सही केली नाही. त्याऐवजी बाप-लेकाला बसवून आम्ही त्या संस्थेला पत्र लिहिले. मागच्या तीन तुकड्यांत किती मुले आली, किती शेवटपर्यंत टिकली, आज किती जण या धंद्यातच आहेत आणि पहिला पगार किती मिळाला. मध्येच सोडल्यास फी किती परत. पदविकेला कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची मान्यता. विद्यार्थ्याने तेथे केलेल्या चालींवर हक्क कोणाचा. शेवटचा प्रश्न मुलाने स्वतः घातला.

पत्र स्पीड पोस्टाने गेले, पोचही आली. उत्तर आलेले नाही. इसार लवकर भरा, जागा थोड्याच उरल्या आहेत, असा फोन मात्र दोनदा आला. यूट्यूबच्या गाण्याबद्दल ध्वनिमुद्रणवाल्याला नोटीस द्यायची की आधी गोडीगुलाबीने बोलावे, यावर आमच्या कचेरीत दोन तट आहेत. मुलाने येथल्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेला जायचे ठरवले आहे, पण तो रंगीत कागद अजून त्याच्या उशाखाली असतो, असे त्याचा बाप सांगतो.