दुकान, गिऱ्हाईक आणि भिवंडीचे गोदाम

बाजारातील सर्वच वस्तू इंटरनेटवर सारख्या सहजतेने गेल्या, असे नाही. आंबा हुंगून घ्यावा लागतो, लुगड्याचा पोत बोटांनी पाहावा लागतो. कारखान्यातून निघालेला मोबाइल फोन मात्र आपला मॉडेल क्रमांक घेऊनच निघतो, आणि त्या क्रमांकाचा फोन ठाण्यात जसा, तसाच कानपुरात. जी वस्तू निरखावी लागत नाही, तिची फक्त किंमतच पाहावयाची उरते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार इतरांच्या आधी का पालटला, ह्याचे कारण हेच.

पूर्वी ही किंमत खरी ठाऊक असे ती दुकानदाराला. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीचा चाकरमानी फार तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाई, चार दुकाने हिंडे आणि वाचलेल्या पैशांच्या आनंदात ते खोके लोकलच्या गर्दीतून सांभाळून आणी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांना खुले केले, तरी ह्या व्यवहारात लगेच फरक पडला नाही. न पाहिलेल्या मालासाठी आगाऊ पैसे कोण मोजणार? फ्लिपकार्ट २००७ साली निघाले ते पुस्तके विकण्यासाठी. माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय पुढे झाली आणि लोकांची भीड चेपली. २०१४ साली मोटोरोला आणि शाओमी ह्या कंपन्यांनी काही फोन केवळ फ्लिपकार्टवरच विकावयास काढले. दुकानदार स्वस्त द्यावयास तयार असला, तरी त्याच्याजवळ तो मालच नव्हता! २०१६ साली जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि गिऱ्हाईक काउंटरशी उभे राहूनच खिशातल्या फोनवर भाव ताडून पाहू लागले.

मग मधला माणूस गेला का? गेला नाही, तो कल्याणच्या खाडीपलीकडे जाऊन बसला. भिवंडी तालुक्यातील माणकोली, दापोडे, काल्हेर ह्या गावांकडे पाहावे. मुंबई-नाशिक रस्ता जवळ, जागा मुंबईच्या मानाने स्वस्त, आणि मुंबईची जकात हद्दीबाहेर. म्हणून गोदामे तेथे आधीपासूनच होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. जकात गेली, प्रत्येक राज्यात वेगळा साठा ठेवण्याची करापुरती गरजही संपली, आणि मोठी गोदामे अधिकच सोयीची झाली. डोंबिवलीकराने पडद्यावर मागविलेली वस्तू पुष्कळदा अशा शेजारच्याच गोदामातून निघते.

ह्यात एक गोष्ट मला न्याय्य वाटत नाही. गिऱ्हाईक दुकानात येते, टीव्हीचे चित्र पाहते, अर्धा तास शंका विचारते आणि घरी जाऊन तोच टीव्ही पडद्यावरून मागविते. सल्ला दुकानदाराचा, विक्री दुसऱ्याची. भाड्याच्या जागेत, पगारी नोकर ठेवून हे धर्मादाय ज्ञानदान किती दिवस चालावे? फ्रिज आणि कपडे धुण्याचे यंत्र ह्यांनी दुकानाला थोडा आधार दिला आहे. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर यंत्र चढवून, नळ जोडून देणारा माणूस ओळखीचा असलेला बरा वाटतो.

परदेशी भांडवलावर चालणाऱ्या बाजारस्थळांनी स्वतःचा माल विकू नये आणि एखादी वस्तू आपल्याकडेच विकण्याचे बंधन घालू नये, असे नियम सरकारने १ फेब्रुवारी २०१९ पासून कडक केले. म्हणजे पडद्यावरचे नाव बाजाराचे असते, विक्रेता निराळाच असतो. बिलावर त्याचे नाव वाचण्याची तसदी किती जण घेतात? २०२० च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण महिन्याच्या आत करणे बंधनकारक आहे. तेवढ्यानेही भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या ठिकाणी दाद मागता येते. कंपनीची कचेरी बंगळुरास असली, तरी डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापर्यंतच जावे लागते.