येणारी नळी, जाणारी नळी

नारायणगावहून टोमॅटो भरून निघालेला टेम्पो आळेफाट्याला वळतो आणि माळशेज घाटाला लागतो. तिथे इंजिन बंद पडले तर मालाचा भावही हातचा जातो. म्हणून जुन्नर-आंबेगावातले गाडीमालक डिझेल फिल्टर किंवा फुटकी नळी अंगणातच बदलतात, यात वावगे काही नाही. टाटा ४०७ ही १९८६ सालची गाडी. तिच्यासारख्या जुन्या डिझेल इंजिनाचे असे काम हाताला जमण्यासारखे असते. चूक होते ती एकसारख्या दिसणाऱ्या दोन काळ्या नळ्या एकाच वेळी सोडल्यामुळे. त्यातली एक टाकीतून पंपाकडे डिझेल आणते, दुसरी उरलेले डिझेल परत टाकीत सोडते. माझ्या मते ही चूक अडाणीपणाची नाही, खूण न केल्याची आहे. आणि नळ्यांची जागा बदलली की ती निस्तरली, असे मानणे मूळ चुकीपेक्षा महागात पडते.

घोळ असा, की नळ्या उलट लागल्या तरी गाडी बऱ्याचदा सुरू होते. बहुतेक जुन्या टाक्यांत डिझेल खेचणारी नळी तळापर्यंत जाते, तर परतीची वरच संपते. टाकी काठोकाठ असेल तर परतीच्या तोंडातूनही डिझेल ओढले जाते आणि अंगणात इंजिन छान चालते. वीस-तीस किलोमीटरनंतर पातळी उतरते, ते तोंड उघडे पडते आणि पंप हवा ओढू लागतो. इंजिन आधी आचके देते, मग बंद पडते. टाकी भरली की पुन्हा ठीक. अशा वेळी संशय पंपावर किंवा नोझलवर जातो आणि हजारोंचा खर्च निघतो. त्याऐवजी पंपाकडे येणाऱ्या नळीत वीतभर पारदर्शक डिझेल नळी जोडून पाहावी. बुडबुडे दिसले तर हवा शिरते आहे हे नक्की. मात्र सैल क्लिपमुळेही बुडबुडे येतात, म्हणून आधी क्लिप आवळावी आणि मग नळ्यांचा माग टाकीपर्यंत काढावा.

फिल्टरच्या डोक्यावरच्या नळ्या उलटल्या असतील, तर नळ्या नीट लावून भागत नाही. डिझेल कागदी घड्यांच्या बाहेरून आत यायला हवे. उलट वाहिले की गाळ आतल्या बाजूला साचतो. नळ्या सरळ करताच तोच गाळ थेट पंपाकडे निघतो. म्हणून फिल्टर नवा घालायचा, बाणाची दिशा पाहायची, हँड प्रायमर मारून हवा काढायची आणि एअर स्क्रूतून बुडबुड्यांविना डिझेल येईपर्यंत थांबायचे नाही. पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी नळ्यांना मात्र घरी हात लावू नये. कॉमन रेल इंजिनात तिथला दाब १,००० बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसते.

मग गॅरेजलाच का नेऊ नये, असे कोणी म्हणेल. मोठ्या कामाला न्यावेच. पण खूण नसेल तर मंचरच्या कसलेल्या फिटरचीही तीच फसगत होऊ शकते. नव्या गाड्यांत जोड वेगवेगळ्या मापाचे असतात हे खरे; पण मीटरवर कापून घेतलेली नळी लागली की तो फरक उरत नाही. हंगामात वेळ कुठे, हा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो: नळी सोडण्याआधी एकीला लाल चिकटपट्टी गुंडाळायला आणि फोनवर फोटो काढायला दोन मिनिटे लागतात. गॅस वेल्डिंगवाल्याकडे पाहा. अ‍ॅसिटिलीनच्या नळीचे आटे उलटे, ऑक्सिजनचे सुलटे. चुकीची नळी तिथे बसतच नाही. गाडीच्या रबरी नळ्यांना ती सोय नाही, ती आपणच करायची.

काम करताना ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम नळीला धक्का लागला असेल तर आणखी एक तपासणी हवी. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबावे, पाय तसाच ठेवून गाडी सुरू करावी. पेडल किंचित खाली गेले तर ठीक. नाही गेले, तर क्रेट गाडीत चढवू नयेत.