पाळणाघराचा हिशेब

गेल्या पिढीपर्यंत आपल्या घरच्या जमाखर्चाच्या वहींत दूध, किराणा, भाडें, शाळेची फी हीं सदरें असत. मूल सांभाळण्याचें सदर नसे. याचा अर्थ तें काम फुकट होत असे असा मात्र नाहीं. तें आजी करी, मावशी करी, आत्या करी, आणि बहुतेक करून आई करी. पैसा हातांतून जात नसे म्हणून खर्च दिसत नसे, इतकेंच. आज आजी गांवीं असते किंवा स्वतःच नोकरीवर असते. आत्या परदेशीं असते. आणि आई सकाळीं साडेआठची लोकल गांठते. काम तेंच राहिलें. त्याची किंमत मात्र आतां रुपयांत मोजावी लागते. ती ऐकून तरुण आईबाप दचकतात. ही किंमत इतकी कां असते, आणि मध्यम स्थितींतल्या कुटुंबानें ती पेलावी कशी, याविषयीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें.

प्रथम कारण पाहूं. कापड, घड्याळ, टेलिफोन या वस्तु यंत्रामुळें स्वस्त झाल्या. कारण पूर्वीं दहा माणसें जें करीत तें आज एक माणूस करतो. मुलाच्या बाबतींत असें यंत्र निघालें नाहीं, आणि निघूं नये. आठ महिन्यांचें मूल आजही कोणीतरी कडेवरच घ्यावें लागतें. एक बाई एका वेळीं तीनचार तान्हीं मुलें नीट पाहूं शकते; दहा तिच्या स्वाधीन केलीं तर ती त्यांना सांभाळीत नाहीं, नुसती राखते. इंग्लंडांत दोन वर्षांखालील दर तीन मुलांमागें पाळणाघरांत एक सांभाळणारी व्यक्ति असलीच पाहिजे असा नियम आहे. म्हणजे तीन कुटुंबांनीं मिळून एका व्यक्तीचा पूर्ण पगार, शिवाय जागेचें भाडें, खाणेंपिणें आणि वीज यांचा भार उचलावयाचा. यामुळें एक विचित्र गोष्ट घडते. आईबापांना फी जड वाटते, आणि त्याच वेळीं सांभाळणाऱ्या बाईच्या हातीं पडणारा पगार तुटपुंजा असतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. म्हणून फार स्वस्त पाळणाघर आढळलें, तर आनंद मानण्यापूर्वीं तेथें एका बाईकडे किती मुलें आहेत तें मोजावें.

आतां घरच्या हिशेबाकडे वळूं. बहुतेक घरांत तो असा मांडला जातो: समजा, आईचा पगार दरमहा ४०,००० रुपये आहे. पाळणाघराचे १५,००० आणि जाण्यायेण्याचे व इतर ५,००० वजा केले कीं उरतात २०,०००. ‘एवढ्यासाठीं मुलाची आबाळ कशाला? नोकरी सोडलेली बरी,’ असें कोणीतरी वडीलधारें म्हणतें, आणि नोकरी सुटते.

या हिशेबांत दोन चुका आहेत. पहिली ही, कीं पाळणाघराचा खर्च आईच्याच पगारांतून वजा केला. मूल दोघांचें आहे. वडीलही त्या सोयीमुळेंच कामावर जातात. घरभाडें आपण कोणा एकाच्या पगारांतून वजा करीत नाहीं. दोघांच्या मिळकतींतून करतों. तोच न्याय येथेंही लावावा. दुसरी चूक ही, कीं हिशेब महिन्याचा केला, वर्षांचा केला नाहीं. पगारांत दरसाल शेंकडा सहा वाढ होते असें धरलें, तर पांच वर्षें नोकरी टिकविणाऱ्या आईची एकूण कमाई सुमारें २७ लाख होते. पाळणाघराची फी न वाढतां तीच राहिली तर तिचे ९ लाख जातात. सहाव्या वर्षीं तिचा पगार सुमारें ५३,५०० असतो. जिनें मध्यंतरीं घरीं राहून पुन्हां ४०,००० वर आरंभ केला, तिला त्या एकाच वर्षांत १,६२,००० रुपये कमी मिळतात. भविष्य-निर्वाह निधींतली तूट निराळीच. पाळणाघराचा खर्च कांहीं वर्षांनीं संपतो. सुटलेल्या नोकरीचा तोटा पुष्कळ वर्षें चालूं राहतो.

कोणीही आपण होऊन, आनंदानें घरीं राहिली तर त्यांत उणें कांहींच नाहीं. परंतु चुकीच्या हिशेबामुळें कोणावर ती पाळी येऊं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे.

मग पैसा आणावा कोठून? पहिला उपाय म्हणजे आधींपासून तजवीज. लग्नानंतर दोन वर्षें दरमहा ५,००० रुपये बँकेंत आवर्ती ठेवींत टाकले, तर व्याज सोडूनही १,२०,००० जमतात. वरच्या उदाहरणांत ती आठ महिन्यांची फी झाली. बारशाचा थाट थोडा आवरला तरी एकदोन महिने सुटतात. दुसरा उपाय शेजारधर्माचा. एकाच इमारतींतील दोन कुटुंबांनीं मिळून एक बाई ठेवली, तर तिला १८,००० दिले तरी प्रत्येकाच्या वांट्यास ९,००० च येतात. मुलांना सोबत मिळते आणि बाईलाही बरा पगार मिळतो. मात्र सुट्टी, आजारपण आणि जेवण यांविषयीं सर्व गोष्टी आरंभींच स्पष्ट बोलून घ्याव्यात. तिसरा उपाय अर्ध्या दिवसाचा: सकाळीं पाळणाघर, दुपारीं आजी. नातवंडें म्हणजे दुधावरची साय खरी. पण ती साय आहे म्हणून आजीच्या गुडघ्यांचा विचार करूं नये असें नाहीं. तिची इच्छा विचारावी, आणि तिला आठवड्याची सुट्टी द्यावी.

कायद्यानेंही कांहीं वांटा उचलला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यांत पाळणाघराची सक्ती कामकरी स्त्रियांच्या संख्येवरून ठरे. त्यामुळें स्त्रियाच कमी घेण्याचा मोह मालकाला होणें शक्य होतें. २०१७ च्या दुरुस्तीनें मातृत्व-लाभाच्या कायद्यांत पहिल्या दोन अपत्यांसाठीं पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेनें पाळणाघराची सोय करावी, आईला दिवसांतून चार वेळां तेथें जाऊं द्यावें, असें ठरलें. येथें स्त्री-पुरुष सर्वच कर्मचारी मोजले जातात. नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनें या तरतुदी कायम ठेवल्या असून, अनेक आस्थापनांनीं मिळून एक सामाईक पाळणाघर चालविण्याची मुभाही दिली आहे. आपल्या कचेरींत ही सोय आहे काय, हें विचारण्यांत संकोच कसला? आणि तें केवळ आयांनींच कां विचारावें? वडिलांनींही विचारावें.

शेवटीं एक गोष्ट. ज्या बाईच्या कडेवर मूल देऊन आपण कामाला निघतों, तिचें मूल त्या वेळीं कोठें असतें? बहुधा तिच्या दहा-बारा वर्षांच्या मुलीजवळ. आणि मग त्या मुलीची शाळा बुडते. हाच प्रश्न पाहून मीरा महादेवन यांनीं १९६९ सालीं दिल्लींत इमारतीच्या बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठीं पाळणाघर काढलें; त्यांतूनच ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. आज केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेंत सहा महिने ते सहा वर्षें वयाच्या मुलांसाठीं अंगणवाडीला जोडून पाळणाघरें चालतात. आपल्या वस्तीजवळ असें पाळणाघर असेल तर तिला त्याची माहिती द्या. नसेल तर आपल्या नगरसेवकाकडे त्याची मागणी करा. आपल्या मुलाचा हिशेब मांडतांना तिच्या मुलाची ओळ वहींतून गाळूं नका. ती गाळली, तर आपल्या घरचा खर्च मिटला असें होत नाहीं. तो दुसऱ्या एका लहान मुलीच्या खात्यावर पडतो.