कपाटातला उन्हाळा

नगरमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि टेबलाखालच्या बंद कपाटातला कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागतो. घरचे व्हायरसला दोष देतात. कारण बहुतेकदा साधं असतं: कॉम्प्युटरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. दोनशे वॅट खाणारं यंत्र म्हणजे दोनशे वॅटची शेगडीच. कपाटातली हवा असते जेमतेम १५० लिटर. लाकूड आणि पत्रा यांनी उष्णता शोषली नाही, तर ही हवा सेकंदाला एक अंशाहून जास्त तापेल. आतला पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो.

हवा खोलीपेक्षा दहाच अंश जास्त तापू द्यायची, तर सेकंदाला सुमारे २० लिटर हवा बदलायला हवी. बारा सेंटिमीटरचा एक पंखा हे करू शकतो, पण मागच्या फळीत वर बसवलेला आणि हवा बाहेर फेकणारा. समोर खाली तेवढंच मोठं भोक हवं, धुळीसाठी जाळी लावलेलं. जाळी महिन्याला झाडा. नगरची धूळ कुणाला सांगायला नको.

निजामशाहीने नगरचा फराहबाग महाल १५८३ मध्ये तळ्याच्या मधोमध बांधून पूर्ण केला. पाण्याने गारवा येतो, पण कपाटात मात्र त्यासाठी पाण्याचं भांडं ठेवू नका. बंद जागेत दमट हवा साचते आणि सर्किट गंजतं. दार उघडं ठेवणं फुकटात होतं.