पत्र पोहोचतं, पण उघडतं का?

मैत्रिणींनो, महिला मंडळ असो, बचत गट असो की एखादी छोटीशी संस्था, 'आपलं काम लोकांपर्यंत पोहोचलं पाहिजे' हे वाक्य प्रत्येक बैठकीत एकदा तरी होतंच. मग कुणीतरी सुचवतं, दर महिन्याला ई-मेलवर वार्तापत्र काढू या. छपाई नाही, टपालखर्च नाही. एक बटण दाबलं की पुण्या-मुंबईपासून अमेरिकेपर्यंत पत्र हजर! पहिले काही महिने कौतुकाची उत्तरं येतात. मग ती कमी होतात. पुढे पुढे तर विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजही येऊ नये, तशी गत होते.

आमच्या अणदूरच्या गटातही हेच चित्र दिसू लागलं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं आमचं गाव. गटातल्या बायका ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला करतात. काहीजणी एकटीच्या बळावर घर चालवणाऱ्या आहेत. आता या वस्तू गावात विकत कोण घेणार? त्या तर घरोघरी होतात. आमचं गिऱ्हाईक म्हणजे इकडून शिकायला, नोकरीला बाहेर पडलेली आणि गावच्या चवीला आसुसलेली माणसं. त्यांना आमच्याशी बांधून ठेवणारा धागा म्हणजे हे महिन्याचं पत्र. ते उघडलं नाही तर मागणी येत नाही आणि मागणी आली नाही तर महिन्याच्या हिशेबाला बायकांच्या हातावर काही पडत नाही. त्यामुळे पत्राचं रूप बदलणं हा आमच्यासाठी हौसेचा मामला नव्हता. तो चुलीचा प्रश्न होता.

शंभर वर्षांपूर्वीची 'खबर'

वाचणाऱ्याचं लक्ष टिकवायचं कसं, हा प्रश्न काही ई-मेलबरोबर जन्मलेला नाही. आपल्या महाराष्ट्रात त्याचं फार सुंदर उत्तर एका कारखान्याने देऊन ठेवलंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये त्या वेळच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. १९२० मध्ये या कारखान्याचं 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं पत्र सुरू झालं. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर, म्हणजेच वाचकांचे 'शंवाकि'.

कारखान्याचं पत्र म्हटल्यावर त्यात काय असणार? नांगर, चरक आणि त्यांची माहिती. पण नुसत्या नांगराची माहिती माणूस किती वेळा वाचेल? शंकरराव स्वतः चित्रकार होते. पान आधी डोळ्यांना धरतं आणि मग मनाला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी चित्रं आणली, विनोद आणला, सर्वसामान्यांच्या जगण्याशी भिडणारे लेख आणले. हळूहळू 'खबर' हा शब्द गळून पडला आणि 'किर्लोस्कर' हे मासिक उभं राहिलं. १९३० मध्ये त्याच घरातून 'स्त्री' मासिक निघालं, १९३४ मध्ये 'मनोहर'. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीतरी जणी ज्या 'स्त्री'ची वाट बघत, त्याचं मूळ शोधत गेलं तर ते एका कारखान्याच्या खबरपत्रात सापडतं!

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. शंवाकिंनी आधी 'आम्हाला काय सांगायचंय' हे बाजूला ठेवलं आणि 'वाचणाऱ्याला काय हवंय' हे पाहिलं. पानाची सजावट बदलली ती त्यानंतर, त्याच विचारातून.

वाचणारी माणसं गेली कुठे?

आमच्या पत्राची मांडणी पूर्वी एका मुलीने मोठ्या हौसेने करून दिली होती. दोन रकाने, कडेला वेलबुट्टी, वर मोठं बोधचिन्ह. लोक संगणकासमोर बसून पत्र वाचत होते तेव्हा ते छानच दिसायचं. पण मधल्या काळात वाचणारा खुर्चीवरून उठला. आता तो पत्र वाचतो लोकलमध्ये उभं राहून, कुकरच्या शिट्ट्या मोजत, नाहीतर शाळेच्या फाटकाशी मुलाची वाट बघत. हातात चार बोटं रुंदीचा मोबाइल. त्यावर दोन रकाने म्हणजे मुंग्यांची रांग!

शिवाय पत्रपेटीतही गर्दी झाली आहे. २०१३ मध्ये जीमेलने जाहिरातवजा पत्रांसाठी वेगळा कप्पा केला. तिथे साड्यांचे सेल, बँकांची कर्जं, विमानाची तिकिटं अशी सगळी गर्दी. एसटी स्टँडवर दहा फेरीवाले एकदम ओरडावेत तसं. त्या गलक्यात आपला आवाज ओळखू यायचा तर तो मोठा असून उपयोगाचं नाही, ओळखीचा असायला हवा.

गटातल्या एका मावशींनी हेच किती सोप्या शब्दांत सांगितलं पाहा. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण आयुष्य बाजारात गेलेलं. म्हणाल्या, "ताई, टोपलीवरचं फडकं काढून दावल्याबिगर गिऱ्हाईक थांबतंय व्हय? आन् समदा माल एकदम मांडला, तर ते काय बघंल?"

झालं! आमच्या नव्या पत्राचं अख्खं शास्त्र या दोन वाक्यांत आलं.

फडकं काढून दाखवा

ई-मेलचं फडकं म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि विषयाची ओळ. पत्र उघडण्याआधी मुख्यतः एवढंच दिसतं. 'मासिक वार्तापत्र, ऑक्टोबर' या ओळीत उघडावंसं काय आहे? त्याऐवजी आम्ही लिहिलं, 'नव्या शेंगांची चटणी तयार आहे'. खोटी घाई मात्र करायची नाही. 'शेवटची संधी', 'आजच उघडा' असलं लिहून माणूस एकदा फसतो आणि कायमचा दुरावतो.

दुसरा बदल अक्षरांचा. आपल्याकडे अनेक संस्था सगळा मजकूर चित्र करून किंवा पीडीएफ जोडून पाठवतात. तसं पान सुबक दिसतं, पण मोबाइलवर त्यातली अक्षरं बारीक होतात, बोटांनी ताणून ताणून वाचावी लागतात. चित्र उतरलंच नाही तर पान कोरं. मोबाइलकडून पत्र मोठ्याने वाचून घेणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला तर चित्रातलं एक अक्षर कळत नाही. म्हणून मजकूर युनिकोड मराठीत, थेट पत्रातच लिहायचा. एकच रकाना, ठळक अक्षर, दोन ओळींत मोकळी जागा. आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांना इंग्रजीपेक्षा थोडा जास्त श्वास लागतो, हे लक्षात ठेवायचं. फोटो असेल तर त्याखाली तो कशाचा आहे हेही शब्दांत लिहायचं.

तिसरी गोष्ट, एका पत्रात एकच मुख्य बातमी आणि एकच मागणं. यावर आमच्या बैठकीत बरीच गरमागरमी झाली. दीपप्रज्वलनाचे, सत्काराचे, पाहुण्यांना नारळ देतानाचे फोटो काढून टाकायचे म्हटल्यावर चेहरे उतरले. "मग पत्रात आम्ही दिसणार कुठं?" असा प्रश्न आला आणि तो रास्तच होता. ज्या बाईचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठे छापलं गेलं नाही, तिच्यासाठी त्या फोटोचं मोल मोठं असतं. मार्ग असा निघाला की दर महिन्याला एकाच बाईचा फोटो, तोही सत्काराचा नाही, भाकरी थापतानाचा, मसाला कुटतानाचा. सोबत तिच्याच तोंडची चार वाक्यं. वाचणाऱ्याला माणूस भेटला आणि रांगेत सगळ्या जणींचा नंबर लागला.

देव तोच, देऊळ बदलतं

रूप बदलताना एक भीती असते, जुनी माणसं आपल्याला ओळखतील का? याचं उत्तर आम्हाला गावातच मिळालं. आमचा खंडोबा वर्षातला बराचसा काळ अणदूरला असतो आणि काही दिवस नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. दोन्हीकडचे मानकरी रीतसर लेखी करार करतात आणि देव मुक्काम हलवतो. देव तोच, देऊळ बदलतं आणि गावाचा उत्साह दर वर्षी नव्याने जागा होतो. पत्राचंही तसंच करावं. बोधचिन्ह, एक ठरलेला रंग, शेवटची आपुलकीची सही हे तेच ठेवावं. बाकीचं बदलावं, तेही एकेक करून. सगळं एकदम बदललं तर कशाने गुण आला ते कळत नाही. आम्ही अर्ध्या लोकांना एक विषयओळ पाठवली, अर्ध्यांना दुसरी आणि कुठून जास्त उत्तरं येतात ते वहीत मांडलं.

उत्तरं मोजली, 'किती जणांनी उघडलं' हा आकडा नव्हे. त्याला कारण आहे. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आली की माणसाने पत्र पाहिलं नाही तरी ते उघडल्याची नोंद होऊ शकते. त्या आकड्यावर फुगून जाण्यात अर्थ नाही. कुणी उत्तर लिहिलं, फोन केला, चटणी मागवली, हीच खरी पावती.

नको असेल त्याला मोकळं करा

सगळ्यात अवघड काम शेवटी. बराच काळ ज्यांच्याकडून काहीच हालचाल नव्हती त्यांना आम्ही एक छोटंसं पत्र लिहिलं. ना फोटो, ना जाहिरात. 'आमचं पत्र तुम्हाला अजून हवंय का? नको असेल तर खालच्या बटणावर टिचकी मारा, राग नाही.' काहीजण गेले. यादी आखूड झाली तेव्हा बायकांना वाईट वाटलं. पण मागण्या काही त्यामुळे घटल्या नाहीत, कारण गेलेल्यांकडून त्या येतच नव्हत्या. आणि पुण्याच्या एका आजींचं उत्तर आलं, "अगं, तुमचं पत्र येतं हे मला दिसतच नव्हतं. आता अक्षर दिसतं. दिवाळीला दोन किलो चटणी पाठव." ते उत्तर आम्ही बैठकीत दोनदा वाचलं.

सोडून जाण्याची वाट सोपी ठेवणं हा आता निव्वळ सौजन्याचा भाग उरलेला नाही. २०२४ पासून गुगल आणि याहूने, मोठ्या संख्येने (गुगलच्या हिशेबाने दिवसाला पाच हजारांवर) पत्रं पाठवणाऱ्यांना प्रचाराच्या पत्रांत एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली आहे. आपण छोटी माणसं त्या आकड्यात बसत नाही. पण लोक कंटाळून आपलं पत्र 'स्पॅम' म्हणून ढकलू लागले, तर पुढची पत्रं हवी असणाऱ्यांपर्यंतही पोहोचणं कठीण होतं. नको असलेल्या पाहुण्याला दार लावून कोंडण्यात काय शहाणपण?

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या मंडळाचं असं पत्र निघत असेल तर एक करून पाहा. पुढचा अंक पाठवण्याआधी तो स्वतःच्या मोबाइलवर मागवा. भर दुपारी अंगणात, उन्हात उभ्या राहा आणि एका हाताने उघडून वाचा. मग तोच मोबाइल सासूबाईंच्या हातात द्या, चष्म्याशिवाय. जिथे त्या थांबतील, कपाळाला आठी घालतील, तिथे तुमच्या पत्राचं काम बाकी आहे असं समजा. त्यासाठी महागडा सल्लागार नको. समोरच्याचा वेळ आपल्या कौतुकापेक्षा मोलाचा आहे, एवढं मनात पक्कं असलं की पुरे.