कोराडीचं वाय-फाय आणि हवाईचा प्राध्यापक

कोराडीहून एका वाचकाने विचारलं आहे: कार्यालयात पंधरा-वीस माणसं, फायबरची 100 एमबीपीएसची जोडणी, राउटरही नवा, तरी दुपारी साधा ईमेल उघडायला मिनिट मिनिट का लागतं? डोक्यावरून जाणाऱ्या टॉवर लाइनचा तर हा परिणाम नसेल?

शंका स्वाभाविक आहे. ज्या गावात 660 मेगावॅटचे तीन संच फिरतात आणि 400 केव्हीच्या वाहिन्या निघतात, तिथे पहिला संशय विजेवरच जाणार. पण वीजकेंद्र इथे पूर्ण निर्दोष आहे. आपली वीज 50 हर्ट्झची. त्या वारंवारतेची तरंगलांबी भरते 6000 किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी अंतराच्या जवळजवळ दुप्पट! वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी जेमतेम साडेबारा सेंटिमीटरच्या. उच्चदाबाच्या तारांभोवती जी करकर ऐकू येते, तिच्यामुळे मीडियम वेव्हच्या रेडिओत खरखर होते हे खरं. पण गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापर्यंत जाता जाता ती नगण्य होते.

खरे आरोपी कार्यालयाच्या आतच असतात. राउटर बहुतेक वेळा केबल जिथून आत येते त्याच कोपऱ्यात, लोखंडी कपाटावर किंवा त्याच्या मागे टेकवलेला असतो. धातू या लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. आता नागपूरकडचा उन्हाळी कूलर आठवा: पत्र्याची पेटी, खाली भरलेली टाकी, बाजूंना ओल्या ताट्या. राउटर आणि टेबलं यांच्या मधोमध तो उभा असेल, तर लहरी अडवणारी भिंतच झाली. तो बाजूला करून किंवा राउटर खोलीच्या मध्यावर, उंचावर लावून पाहा. निम्मी तक्रार तिथेच मिटू शकते.

उरलेली तक्रार मात्र अधिक रंजक आहे, कारण ती हवेतल्या गर्दीची आहे. तिचं उत्तर शोधणाऱ्या माणसाचं नाव फारसं कुणी घेत नाही. वाय-फायचा विषय निघाला की हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार हिने ते शोधल्याचं सांगितलं जातं. तिचं आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांचं 1942चं पेटंट बुद्धिमान होतंच. पण ते टॉर्पेडोच्या नियंत्रणासाठी, वारंवारता सतत बदलत ठेवण्याचं होतं. आजचं वाय-फाय त्या पद्धतीवर चालत नाही. मला विचाराल तर पहिलं श्रेय नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन यांना द्यायला हवं.

समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याच्या ओढीने हे प्राध्यापक हवाई विद्यापीठात गेले. विद्यापीठाची केंद्रं वेगवेगळ्या बेटांवर, संगणक ओआहू बेटावर आणि टेलिफोनच्या तारा महागड्या व बेभरवशाच्या. 1971 साली त्यांनी ‘अलोहानेट’ सुरू केलं. त्याचा नियम विलक्षण साधा होता. ज्याला बोलायचं त्याने बोलावं. पोच आली नाही तर दोघांची टक्कर झाली असं समजून, मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलावं. त्या ‘मनाला येईल तेवढा’मध्येच सगळी हुशारी आहे. दोघेही सारखाच वेळ थांबले, तर पुन्हा एकमेकांवर आदळणार! गणित मांडलं तेव्हा दिसलं, की या पद्धतीत शंभर मिनिटांपैकी फार तर अठरा मिनिटं सत्कारणी लागतात. पुढे ‘बोलण्याआधी ऐका’ हा नियम आला आणि वाय-फायने दोन्ही उचलले.

तुमचं कार्यालय म्हणजे सरपंच नसलेली ग्रामसभा. प्रत्येक मोबाइल, प्रिंटर, कॅमेरा आधी कानोसा घेतो आणि शांतता मिळाली की बोलतो. एका वेळी एकच. लांबच्या कोपऱ्यातला जुना फोन सावकाश बोलतो, तोवर बाकी सगळे ताटकळतात. दोघे खांबाच्या दोन बाजूंना बसले असतील, तर त्यांना एकमेकांचा आवाज येत नाही. दोघेही एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही. शेजारच्या दुकानाचं वाय-फाय त्याच चॅनेलवर असेल, तर तेही याच सभेत बसलेलं असतं. 100 एमबीपीएसचे 200 केले तरी ही सभा तशीच राहते. म्हणूनच ‘वेग वाढवा’ या जाहिरातींवर माझा विश्वास नाही.

दोष शोधायचा क्रम सोपा आहे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा. वेग पूर्ण मिळाला तर दोष हवेत आहे. नाही मिळाला तर इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन करा. दोष हवेत असेल तर वाय-फाय अ‍ॅनालायझरचं अ‍ॅप मोबाइलवर घ्या आणि आजूबाजूला कोण कोणत्या चॅनेलवर आहे ते पाहा. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. त्यांतला सर्वांत मोकळा निवडा आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झच ठेवा. 40 केली की शेजाऱ्याशी भांडण ठरलेलंच. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा बराच प्रशस्त आहे. 2018 साली सरकारने त्याचा मोठा भाग विनापरवाना वापराला खुला केला. त्या लहरी भिंतींपुढे लवकर थकतात, आणि कार्यालयात हेच सोयीचं असतं, कारण शेजाऱ्याचा त्रासही कमी पोचतो.

सिग्नल पुरत नाही म्हणून स्वस्त रिपीटर आणू नका. तो तेच बोलणं त्याच हवेत दुसऱ्यांदा बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. त्याऐवजी केबल टाकून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा आणि दोघांना वेगवेगळे चॅनेल द्या.

अ‍ॅब्रॅमसन 1 डिसेंबर 2020 रोजी गेले. त्या वर्षी निम्मं जग घरच्या वाय-फायवरून काम करत होतं.

कोराडीच्या वाचकाला एक विनंती. महागडा प्लॅन घेण्याआधी टेबलावरचे संगणक, प्रिंटर आणि सीसीटीव्ही यांना साधी लॅन केबल जोडा. ती जागची हलत नाहीत, त्यांना हवेची गरज नाही.