फॅशन: चार गैरसमज, ओरत्तनाडु ते जाकार्ता

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागले की वाटेत ओरत्तनाडु लागते. इथले मुक्तांबाळ छत्र, म्हणजे धर्मशाळा, तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1802 मध्ये रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी उभारले. राजे तेव्हा जेमतेम पंचविशीचे, म्हणजे आजच्या तरुणाईच्याच वयाचे होते. इंडोनेशियातल्या तरुणाईचे कपडे पाहून आपण जी मते ठोकून देतो, ती तमिळ मुलखातल्या या मराठी राज्याच्या इतिहासाला लावून पाहिली तर बरीचशी गळून पडतात.

गैरसमज: तंजावरच्या मराठ्यांनी महाराष्ट्राचा पोशाख जसाच्या तसा जपला.
वस्तुस्थिती: दरबारी साड्या, धोतरे आणि पागोटी कुंभकोणमजवळच्या कोडालिकरुप्पूरहून येत. सुती विणीत आधी जर गुंफायची, मग वर मेण लावून रंग चढवायचा. मेणाखालचा भाग रंगापासून वाचे आणि जर तांबड्या-काळ्या रंगातून झळके. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, आश्रय सुटला आणि कसब मागे पडले.

गैरसमज: इंडोनेशियाचे बाटिक, म्हणजे असेच मेण लावून रंगवलेले कापड, ही सर्वस्वी परकी चीज आणि म्हाताऱ्यांचा पोशाख.
वस्तुस्थिती: मसाल्याच्या बदल्यात चोळमंडल किनाऱ्याची सुती कापडे आणि गुजरातची पटोळी शतकानुशतके जावाला जात. तिथल्या ज्लाम्प्रांग नक्षीत पटोळ्याची छाप आजही दिसते. मेणाची बारीक कलम चालवण्यात मात्र जावाच्या कारागिरांनी कमाल केली. 2009 मध्ये युनेस्कोने बाटिकला वारशाच्या यादीत घेतले. आजकाल शुक्रवारी तिथल्या कचेऱ्यांत बाटिक शर्ट दिसतात, आणि पोरे ते जीन्स-स्नीकर्सवर खुशाल घालतात.

गैरसमज: इंडोनेशियातल्या मुलींचा हिजाब म्हणजे निव्वळ जुनी रूढी.
वस्तुस्थिती: 1982 मध्ये सुहार्तो सरकारने सरकारी शाळांत त्यावर निर्बंध घातले होते, 1991 मध्ये ते उठले. आज तो रंग आणि बांधणीच्या नाना तऱ्हांनी सजतो. कुठे स्वखुशीचा, तर आचेहसारख्या प्रांतात कायद्याचा.

गैरसमज: फॅशन श्रीमंतांच्या मॉलमध्ये जन्मते.
वस्तुस्थिती: जुलै 2022 मध्ये चितायाम, बोजोंगगेडे अशा उपनगरांतली साध्या घरची मुले लोकलने जाकार्ताच्या दुकुह आतासला आली आणि स्वस्त कपड्यांत झेब्रा क्रॉसिंगवरच रॅम्पवॉक करू लागली. या 'चितायाम फॅशन वीक'च्या नावावर मालकी हक्क मागणाऱ्या सेलिब्रिटीला लोकांच्या रोषामुळे अर्ज मागे घ्यावा लागला.

तेव्हा पुढच्या वेळी कॉलेजातल्या पोरांचे कपडे पाहून 'हे आपले नव्हेच' म्हणण्याआधी थोडे थांबा. तंजावरच्या राजांचे पागोटेसुद्धा अस्सल स्थानिक कारागिरीचे होते.